डांगराचं ईश्वरविज्ञान

नाशकात कोणी देवाचा अभ्यास करतं म्हटलं तर कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. अर्ध्या पंचवटीची चूल देवाच्या कामावर पेटते, रामकुंडावर बारा महिने कोणी ना कोणी कसला ना कसला विधी करत बसलेलं असतं. त्यामुळे शाळेतली नोकरी सांभाळून मी ईश्वरविज्ञानात डॉक्टरेट करते आहे असं नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीत कळलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी एवढंच विचारलं, की मग आता मी वास्तुशांतही करून देणार का. मी म्हटलं, काकू, आम्ही ख्रिस्ती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, नाताळच्या आधी जमत असेल तर बघा, मुलाच्या नव्या फ्लॅटचा ताबा तेव्हाच मिळणार आहे.

घरातही फार आदराचं वातावरण होतं असं नाही. बायकोची देवाची थिअरी चालू आहे आणि प्रॅक्टिकलला मी आहेच, असं नवरा मित्रांना सांगायचा. मी चिडले की म्हणायचा, हे बघा, परीक्षा सुरू झाली. आणि मी चिडायचे पटकन. वाद दिसला की मला राहवत नाही. आई म्हणते, ही पोटात होती तेव्हासुद्धा लाथा मारत नव्हती, मुद्दे मांडत होती.

माझा विषय मला ग्रंथालयात सापडला नाही. तो आईच्या गावच्या पत्र्याच्या देवळात सापडला. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते, आम्ही भावंडं तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो. पण आईचं माहेर लासलगावजवळ, आणि वडील गेल्यावर ती तिथेच जाऊन राहिली. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं आहेत, सगळी कांदा पिकवणारी. दिवाळी उलटून लाल कांदा निघायला लागला, की एका रविवारी हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते प्रत्येक घर देवळात घेऊन येतं. कांद्याची माळ, मक्याची कणसं, गवार, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की हे सगळं वेदीसमोरच्या टेबलावर मांडतात आणि त्याचा लिलाव होतो.

इथपर्यंत नवीन काही नाही, असा लिलाव पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत होतो. आईच्या गावची रीत पुढे सुरू होते. तिथे ज्याची बोली शेवटची ठरेल, तो पैसे देवळाला देतो, उठून वस्तू उचलतो, डोक्याच्या वर धरून सगळ्यांना दाखवतो आणि परत टेबलावर ठेवतो. मग तिच्यावर पुन्हा बोली लागते. एकच डांगर अर्ध्या देवळाच्या हातातून फिरतं. (शहरातल्या वाचकांसाठी सांगते, डांगर म्हणजे लाल भोपळा.) कोणी किती बोलला हे देवळाबाहेर कोणी उच्चारत नाही, आणि घरी कोणी काही नेत नाही. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हात वर केला की बोली थांबते, टेबलावरचं सगळं मागच्या चुलीवर जातं आणि दुपारी प्रीतिभोजनाला सगळी मंडळी एका पंगतीत तेच जेवते.

हीच माणसं एरवी लासलगावच्या बाजार आवारात आपापल्या ट्रॅक्टरशेजारी उभी असतात. व्यापारी येतात, दोन कांदे हातात घेऊन बघतात, भाव पुकारतात आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे जातात. ज्याचा कांदा, तो नुसता ऐकत उभा. वर्षातून एक दिवस मात्र बोली त्यांच्या तोंडी येते, आणि त्या दिवशी ते जिंकलेली वस्तू परत ठेवून देतात. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. मोठेपणी जाडजाड ग्रंथ वाचताना वाटायला लागलं, की कृपा म्हणजे काय हे सांगायला विद्वान एवढा घाम गाळताहेत, आणि आमच्या गावी ते दरवर्षी जेवणाआधी उरकून टाकतात. तोच विषय मी प्रबंधाला घेतला.

माझे मार्गदर्शक नाशकातलेच. निवृत्त पाळक, जन्म पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवण्यात गेलेला, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. माणूस न्यायी, पण देवाघरची तराजूही एकदा तपासून घेईल असा. त्यांनी माझा आराखडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "लिलाव हा व्यवहार आहे. पैसे दिले, वस्तू मिळाली. कृपा फुकट असते. हे समाजशास्त्रवाल्यांकडे न्या, तिथे तुमचं कौतुक होईल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, सर, वस्तू परत ठेवतात ना पण. ते म्हणाले, रीत आहे म्हणून ठेवतात. रीत पाळणं वेगळं आणि दान देणं वेगळं. यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी आणखी चिडते. पुढे संशोधन समितीसमोरही हाच प्रश्न आला. समितीने विषय नाकारला नाही, पण बजावलं, की हा व्यवहार नाही हे दाखवता आलं नाही तर प्रबंध परत येईल आणि पहिल्यापासून नवा विषय घ्यावा लागेल. सरांनी मला एक सोपी वाट सुचवली होती. एक जुने जर्मन पंडित होते, कृपेवर त्यांनी बरंच लिहिलेलं होतं आणि त्यांच्यावर त्याहून जास्त लिहून झालेलं होतं. मला फक्त त्याच मजकुराचा क्रम बदलायचा होता. ती वाट घेतली असती तर पदवी नक्की होती. पण मग पत्र्याच्या त्या देवळात विचार होत नाही, नुसतं जेवण होतं, असं मी स्वतःच्या सहीनिशी कबूल केल्यासारखं झालं असतं. ते मला जन्मात जमलं नसतं.

म्हणून मी सरांना सणालाच बोलावलं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा आणि मग बोला. ते आले. स्वतःच्या गाडीतून, मला बरोबर घेऊन, कोट घालून. गावाने त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. लिलाव सुरू झाला तेव्हा ते हाताची घडी घालून बसले होते. थोड्या वेळाने घडी सुटली. मग ते जरा पुढे सरकून बसले. आईने आणलेलं डांगर टेबलावर आलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी बोली लावली आणि सरांनी हात वर केला. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बोली चढत गेली, सर सोडेनात. एकवार, दोनवार, तीनवार झालं आणि डांगर सरांना मिळालं. देवळात टाळ्या पडल्या.

सर उठले. त्यांनी दोन्ही हातांनी डांगर उचललं. आता ते वर धरतील म्हणून सगळे बघत होते. सरांनी ते काखेत घेतलं आणि जागेवर येऊन बसले.

कोणी खोकलं. मग गावच्या पाळकांनी जणू काही झालंच नाही अशा थाटात कांद्याची माळ उचलली आणि पुढची बोली सुरू केली. उपासनेनंतर सरांनी डांगर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी सांगायला निघालेच होते. आईने पदर खेचून मला थांबवलं.

"गप बस. पाव्हण्याला सांगायचं नसतं. त्यानं नेलं, त्याचं झालं."

मी विचारलं, आणि भाजी कशाची करणार? मंडळी डांगराची भाजी खायला बसली आहे.

"कांदं लय हायेत," आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्या वर्षी प्रीतिभोजनाला कांदाबटाट्याची भाजी झाली. सरांनी तिची तोंड भरून स्तुती केली आणि दोनदा वाढून घेतली. एकाही माणसाने एका शब्दाने, साध्या नजरेनेही त्यांना काही कळू दिलं नाही. वाढणाऱ्या बायका तर त्यांना आग्रह करत होत्या. आईने मला शपथ घातली, की हे सरांना कधी सांगायचं नाही.

परतीच्या वाटेवर मी पुढे बसले होते आणि डांगर मागे. निफाड ओलांडल्यावर सर म्हणाले, तुमचे लोक फार प्रेमळ आहेत, पण माझा मुद्दा आज पक्का झाला. परत ठेवायची रीत मंडळीची, मी तर पाहुणा; मी पैसे दिले, वस्तू माझी झाली. यात कृपा कुठे आली? मी मागे वळून पट्टा लावलेल्या डांगराकडे पाहिलं, आणि मूग गिळून नाशिकरोडपर्यंत गप्प बसले. एवढा वेळ गप्प बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ असावी. सोसायटीच्या दारात उतरल्यावर मी पार्किंगमधल्या खांबाला लाथ मारली. खांबाला काही झालं नाही.

पुढची दोन वर्षं मी रागावर लिहिलं. राग चांगलं इंधन आहे, फक्त धूर फार होतो. शाळेतून आलं, पोळ्या लाटल्या, वह्या तपासल्या की बसायचं. डायनिंग टेबलाचा अर्धा भाग पुस्तकांनी बळकावला, उरलेल्या अर्ध्यात घर जेवायचं. वाङ्मयचोरी तपासणाऱ्या यंत्राने माझा प्रबंध तपासला आणि बायबलमधली सगळी वचनं मी दुसरीकडून उचलली आहेत असा निकाल दिला. त्याबद्दल लेखी खुलासा करावा लागला. पण मूळ घोडं जिथे पेंड खात होतं तिथेच खात राहिलं. रीत म्हणून ठेवलेलं दान कसं? याचं उत्तर मी चार प्रकारे लिहिलं आणि चारही वेळा सरांनी समासात एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. शेवटी ते म्हणाले, मला पटलेलं नाही, पण तुमची मेहनत खरी आहे. परीक्षकांना ठरवू द्या. मी मौखिकला तुमच्या बाजूने बोलणार नाही आणि विरुद्धही बोलणार नाही.

मौखिक परीक्षा खुली असते. म्हणजे कोणीही येऊन बसावं, वाटल्यास प्रश्न विचारावा. सहसा घरची चार माणसं, दोन संशोधक विद्यार्थी आणि समोशांच्या ओढीने आलेले काही जण असतात. मी आईला फोनवर सांगितलं होतं, की खुली आहे, कोणीही येऊ शकतं. आईने ते देवळात सांगितलं. त्या दिवशी सेमिनरीच्या आवारात एक पिकअप येऊन उभी राहिली आणि तिच्यातून अख्खी मंडळी उतरली. नऊवारी, पाचवारी, टोप्या, पाळक, आणि सगळ्यांच्या शेवटी डांगर घेऊन आई. हंगामापासून माळ्यावर ठेवलेलं, कडक पाठीचं डांगर. म्हणाली, परीक्षा घ्यायला बाई लांबून येणार, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. आईने डांगर पुढच्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. ते तिथून हलवायचं कोणाला सुचलं नाही.

परीक्षक बाई सोलापूरकडच्या, आता दूर दक्षिणेत शिकवणाऱ्या. प्रबंध इंग्रजीत होता, पण समोरची मंडळी बघून त्याच म्हणाल्या, आपण मराठीतच बोलू. मी तासभर बोलले. गाडी रुळावर होती. मग बाईंनी प्रबंध मिटला आणि त्यावर हात ठेवून विचारलं, "मला एवढंच सांगा. या सगळ्यात एखाद्याने वस्तू परत ठेवली नाही, सरळ घरी नेली, तर तुमची कृपा तिथेच संपते का?"

माझी सगळी मंडळी आपापल्या पायांकडे बघायला लागली. सर पहिल्या रांगेत बसले होते, वहीत काहीतरी लिहीत. प्रबंधात याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण मी शपथेत अडकले होते. मी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, नाही म्हणून.

दोन वर्षं जे मी सरांच्या तोंडावर फेकायला टपले होते ते आता माझ्या जिभेवर होतं. आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला दुपारची ती पंगत दिसली. कांदाबटाट्याची भाजी, आग्रह करणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर कसलाही रुसवा नाही. जे मी एवढे दिवस सरांची चूक म्हणून पोटात ठेवलं होतं, ते माझं उत्तर होतं. उत्तर गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसलं होतं आणि मी त्याच्यावर रागावले होते.

मी म्हटलं, "एकदा असं झालंय, बाई. एक पाहुणा वस्तू घेऊन गेला. त्याला कोणी सांगितलं नाही, कोणी मागितली नाही. सगळी मंडळी त्या दिवशी दुसरी भाजी जेवली आणि त्यालाही वाढली. वस्तू परत ठेवायचा नियम असता, तर त्याला थांबवलं असतं. तसा नियमच नाही. नेली तर नेऊ देतात. नेता येत असूनही जो परत ठेवतो, तो रीत पाळत नसतो, तो देत असतो. आणि जो नेतो त्यालाही तेच मिळालेलं असतं, फक्त त्याला ते ठाऊक नसतं."

बाईंनी मिटलेला प्रबंध पुन्हा उघडला. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. सर उभे राहिले होते. त्यांनी वही मिटून खुर्चीवर ठेवली.

"तो पाहुणा मी," ते म्हणाले. मग मागे वळून मंडळीकडे पाहिलं. "मला आत्ता कळतंय."

आई म्हणाली, बसल्या जागेवरून, अगदी आपुलकीने, "गोड निघालं होतं का पन?"

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "फार गोड निघालं होतं."

हसू आधी पाळकांना फुटलं, मग सगळ्या सभागृहाला. परीक्षक बाई डोळे पुसत हसत होत्या. सर उभ्या उभ्या हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, की ते बाजूने किंवा विरुद्ध बोलणार नव्हते, पण आता त्यांना शब्द मोडावा लागतोय. समितीने मागितलेला पुरावा प्रबंधात नव्हता, तो त्यांच्या घरी चार दिवस शिजत होता. माझा प्रश्न सुटला आहे असं त्यांचं मत नोंदवून घ्यावं.

आम्हाला बाहेर काढून दार लावलं. फार वेळ लागला नाही. आत बोलावल्यावर बाईंनी उभं राहून पदवीची शिफारस वाचली आणि शेवटी माझ्या नावाआधी डॉक्टर लावलं. मी रडले. गावच्या बायका माझ्याहून जोरात रडल्या. नवऱ्याने शिट्टी वाजवली, सेमिनरीच्या सभागृहात, आणि त्याला कोणी गप्प केलं नाही. मला जगातल्या सगळ्या खांबांना एकेक लाथ मारावीशी वाटत होती, या वेळी आनंदाने.

पेढे वाटून झाले. आईने डांगर परीक्षक बाईंना द्यायला पुढे केलं, तर सर मध्ये आले. म्हणाले, असं नाही, रीतसर होऊ द्या. आणि त्यांनी बोली लावली. पाळकांना मुरलेली सवय, ते लगेच पुकारायला लागले. बाईंनी हात वर केला. माझ्या नवऱ्याने केला. शेवटी डांगर सरांनाच मिळालं. सर टेबलाशी गेले, त्यांनी डांगर दोन्ही हातांनी उचललं, डोक्याच्या वर धरलं, सगळ्यांना दाखवलं, आणि सावकाश परत टेबलावर ठेवलं. मग बाईंनी घेतलं आणि ठेवलं. मग मी. ते वर धरताना जड लागलं.

किती बोली झाली ते मी सांगणार नाही. पाळकांनी हात वर केल्यावर डांगर वसतिगृहाच्या मेसमध्ये गेलं. मीही मागून गेले, नवी साडी, केसांत गजरा. आईने विळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, डॉक्टर झालीस ना, मग चिर आता. मी चिरलं. माळ्यावर राहून साल दगडासारखी झाली होती, दोनदा पातं अडकलं. आत भगवं, ओलं, बियांनी भरलेलं. भाजी सगळ्यांना थोडी थोडी पुरली. परीक्षक बाई मंडळीबरोबर जमिनीवर बसून जेवल्या.

निघताना आईने बिया धुऊन, फडक्याने पुसून वर्तमानपत्रात बांधल्या आणि ती पुडी सरांच्या हातात ठेवली. सरांनी पुडी घेतली आणि वळून टेबलाकडे निघाले. आईने त्यांचा हात धरला.

"हे परत ठिवायचं नसतंय, सर," ती म्हणाली. "हे घरी न्या."